समजून घ्या : घंटागाडी, मुक्कामी एसटी, आशाताई... यांचे आभार मानायचे तरी कसे?

यवतमाळच्या आरोग्य कर्मचाऱ्यांची बातमी देशभर झाली ती ३१ जानेवारी २०२१ रोजी. घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे पोलिओच्या थेंबांऐवजी १२ लहान मुलांना हँड सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि सुदैवाने सगळी बरी झाली. चौकशी झाली, कारवाई झाली. ती व्हायलाच हवी होती.

त्याच रविवारी देशभरात लाखो मुलांना पोलिओचा डोस नीट मिळाला. यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत कर्मचारी सकाळपासून बूथवर बसले होते. त्याची बातमी झाली नाही, होणारही नव्हती.

सेवेच्या कामाचे हे जुनेच गणित आहे. काम चुकले की सगळ्यांना दिसते, नीट झाले की कोणालाच दिसत नाही. नळाला पाणी आले, कचरा उचलला गेला, बस वेळेवर आली की माणूस पुढे निघून जातो. पाणी आले नाही की नगर परिषदेत फोन. इंजिनिअरिंगच्या भाषेत बोलायचे तर या यंत्रणेत फीडबॅक फक्त एका बाजूने येतो, तक्रारीच्या. रोज घरापर्यंत येणाऱ्या या माणसांना चांगल्या कामाची पावती द्यायची असेल, तर नेमके काय करायचे? पैसे द्यायचे? चहा विचारायचा? आणि त्याने खरेच काही फरक पडतो का?

'धन्यवाद' जिभेवर का येत नाही?

मराठीत 'धन्यवाद' हा सभेतला शब्द आहे. आभारप्रदर्शन हा कार्यक्रमाचा शेवटचा भाग असतो आणि तोवर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात. घरात आईला कोणी 'धन्यवाद' म्हणत नाही, म्हटले तर तिला रागच येईल. त्यामुळे 'आपल्याकडे आभार मानायची पद्धत नाही' असे सरसकट बोलले जाते.

पद्धत आहे, ती वेगळी आहे. आपल्याकडे आभार हाक मारण्यात असतो. 'भाऊ', 'मावशी', 'काका', 'ताई' ही नाती आपण रक्ताबाहेरच्या माणसांनाही सहज लावतो. विदर्भात तर वाक्याच्या शेवटचा 'जी' अर्धे काम करून जातो. 'या ना जी, च्या घ्या' एवढ्यात विचारपूस, मान आणि आभार तिन्ही येतात.

अडचण अशी की शहरातल्या घाईत हे नातेच गळून पडले आहे. 'घंटागाडी आली', 'गॅस आला', 'पेपर आला नाही', 'पार्सल खाली आहे'. माणूस गेला आणि वस्तू राहिली. चार वर्षे रोज सकाळी दारात येणाऱ्या माणसाचे नाव किती घरांना माहीत असते? स्वतःच्या घरात विचारून पाहा.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी यावर एक साधा प्रयोग केला होता. कॉफीच्या दुकानात जाणाऱ्या काही ग्राहकांना सांगितले की काउंटरवरच्या माणसाकडे पाहा, हसा, दोन शब्द बोला. बाकीच्यांना सांगितले की कामापुरते बोला आणि निघा. ज्यांनी दोन शब्द बोलले, ते ग्राहकच बाहेर पडताना जास्त खूश होते. म्हणजे फायदा बोलणाऱ्याचाही झाला.

अमेरिकेतील ॲडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जिनो यांचा २०१० मधील अभ्यास यापुढे जातो. एका विद्यार्थ्याच्या अर्जावर लोकांकडून सूचना मागवल्या. काहींना 'मिळाले' एवढेच कोरडे उत्तर गेले, काहींना मनापासून आभाराचे. नंतर पुन्हा मदत मागितल्यावर कोरडे उत्तर मिळालेल्यांपैकी ३२ टक्के तयार झाले, आभार मिळालेल्यांपैकी ६६ टक्के. लोक दुसऱ्यांदा तयार झाले ते स्वतःला हुशार वाटल्यामुळे नव्हे, तर आपल्या कामाची कोणाला तरी किंमत आहे असे वाटल्यामुळे, असा निष्कर्ष या दोघांनी काढला. हे छोटे परदेशी प्रयोग आहेत, आर्णी रोडवरच्या चहाच्या टपरीवर कोणी ते केलेले नाहीत. पण दिशा ओळखीची वाटते.

जिल्ह्याचा स्वतःचा 'आभार दिन' : पोळा

यासाठी परदेशातून कल्पना आणायची गरज नाही. कापसाच्या या जिल्ह्यात श्रावण अमावास्येला आभाराचा सण असतोच. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात, तूप-हळद लावतात आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे रीतसर आवतण देतात. ज्याच्या खांद्यावर वर्षभर जू होते, त्याचा नेमका तोच खांदा चोळायचा. आभार मानायचे तर कष्ट नेमके कुठे झाले हे आधी माहीत हवे, ही समज त्यात आहे.

पोळ्याला बैलासोबत सालदाराचाही मान असतो. त्याला नवे कपडे, घरातल्यांच्या पंगतीत पुरणपोळीचे जेवण आणि बैल घेऊन दारोदारी गेल्यावर बोजारा. दसऱ्याला एसटीच्या गाड्यांना हार चढतात, दिवाळीला पोस्त दिली जाते. 'पोस्त' हा शब्द नव्या पिढीला कदाचित माहीत नसेल. सणाच्या निमित्ताने सेवा करणाऱ्यांना दिली जाणारी ही रक्कम.

मात्र जुन्या पद्धतीचे नुसते गोडवे गाणे बरोबर नाही. गावगाड्यात बलुतेदाराला धान्य मिळायचे, पण ते कोणी कुठे उभे राहून घ्यायचे हे जात ठरवायची. पाणी वरून ओतले जायचे, कप वेगळा असायचा. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता संपवली आणि १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने ती पाळणे गुन्हा ठरवले. तरीही सफाई कामगारासाठी खिडकीत ठेवलेला वेगळा ग्लास काही घरांत अजून सापडतो. आता त्याची जागा कधीकधी कागदी कपाने घेतली आहे. पाहुण्याला स्टीलचा पेला आणि कचरा नेणाऱ्याला 'यूज अँड थ्रो', यामागे दरवेळी स्वच्छतेचेच कारण असते का, हे ज्याचे त्याने तपासावे. चहा द्यायचा तर घरातल्या कपात द्यावा. नाहीतर त्या चहातून मान नव्हे, अपमान पोहोचतो. घेणाऱ्याला तो पहिल्या घोटालाच कळतो, बोलून दाखवत नाही एवढेच.

घंटागाडी : सगळ्यात मोठी भेट म्हणजे वेगळा केलेला कचरा

सफाई कामगाराला वर्षातून एकदा शाल-श्रीफळ देण्यापेक्षा रोज करता येण्यासारखी गोष्ट आहे. फुटलेली काच उघडी टाकू नका. जाड कागदात किंवा जुन्या खोक्यात गुंडाळा आणि देताना तोंडाने सांगा, 'दादा, यात काच आहे.' मधुमेहाच्या इन्सुलिनची सुई, दाढीचे ब्लेड, ट्यूबलाइट यांचेही तसेच. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात नीट गुंडाळून वेगळे द्यायचे.

ही विनंती नाही, नियम आहे. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा करून देणे ही कचरा निर्माण करणाऱ्याची, म्हणजे तुमची-आमची जबाबदारी आहे. पॅड-डायपर गुंडाळून देण्याची तरतूदही त्याच नियमांत आहे. घरात हे केले नाही तर ते काम संपत नाही, पुढच्या माणसाच्या हातात जाते. बहुतेक वेळा त्या हातात मोजा नसतो. रात्रीच्या वरणात मिसळलेली काच तो बोटांनी शोधतो.

दुसरी गोष्ट पाणी. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. सकाळी दहानंतर रस्त्यावर काम करणाऱ्याला पाणी विचारणे हा जीव वाचवण्याचाही भाग आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणे आटल्यावर या शहराने टँकरमागे धावून पाणी भरले आहे. पाण्याची किंमत यवतमाळकराला वेगळी समजावायला नको. फाटकाजवळ एक माठ, त्यावर झाकण, दांड्याचे ओगराळे आणि 'पाणी घ्या' अशी पाटी. पाटी महत्त्वाची, कारण न विचारता घ्यायला माणूस संकोचतो.

स्वच्छतेच्या बाबतीत वऱ्हाडाला दूर जायचे कारणही नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव हे संत गाडगेबाबांचे जन्मगाव. गावात शिरताच हातातल्या खराट्याने रस्ता झाडणारा आणि काम केल्यावरच भाकरी घेणारा हा माणूस. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, राज्याच्या ग्रामस्वच्छता अभियानाला आहे. खराटा हातात धरणाऱ्या आजच्या माणसाचे नाव मात्र गल्लीत कोणाला ठाऊक नसते.

मुक्कामी गाडीचे दोन पाहुणे

शहरात फारसे न दिसणारे एक दृश्य जिल्ह्यातल्या गावांत रोज घडते. संध्याकाळी शेवटची एसटी गावात येते आणि परत जात नाही. ही मुक्कामी गाडी. रात्रभर ती पारापाशी किंवा ग्रामपंचायतीसमोर उभी राहते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघते. दवाखान्यात जाणारे म्हातारे, कॉलेजची पोरे, बाजाराला भाजी नेणाऱ्या बाया, सगळ्यांचा दिवस त्या गाडीवर सुरू होतो. गावातल्या मुलींसाठी तर पासवर चालणारी एसटी म्हणजे दहावीनंतरचे शिक्षण. गाडी बंद झाली की आधी मुलीची शाळा सुटते.

चालक आणि वाहक त्या रात्री कुठे झोपतात? अनेकदा गाडीतच. दोन बाकांच्या मधे अंथरूण, पावसाळ्यात डास, थंडीत फटीतून येणारा वारा. पहाटे उठून तोंड धुवायला पाणी कुठे, शौचाला कुठे जायचे, हे प्रश्न वेगळेच. महिला वाहक असेल तर आणखी कठीण.

काही गावांत याची रीत बसलेली आहे. कोणाच्या तरी घरून दोन भाकरी आणि भाजीचा डबा येतो. समाजमंदिराची किल्ली वाहकाच्या हाती दिली जाते. हिवाळ्यात पहाटे कोणीतरी चुलीवरचे गरम पाणी आणून ठेवते. यात कोणाचा फार खर्च होत नाही. ज्या गावांत रीत नाही, तिथे ती बसवणे ग्रामपंचायतीला अवघड नाही. एक खोली, एक पंखा, एक बल्ब आणि वापरता येईल असे शौचालय, एवढीच यादी. ग्रामसभेत विषय मांडून ठराव घेतला की काम कोणा एकाच्या दयेवर राहत नाही.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या काळात काळी-पिवळीला दुप्पट भाडे मोजून तालुक्याला गेलेल्यांना लालपरीची किंमत कळली. संप मिटल्यावर पहिल्या दिवशी गाडी आली, लोक चढले आणि वाहकाशी सुट्ट्या पैशांवरून पूर्वीसारखेच वाद सुरू झाले. तेव्हा आणखी एक सोपी गोष्ट : बसमध्ये चढताना सुटे पैसे किंवा फोनवर पेमेंट तयार ठेवा. पन्नास प्रवाशांच्या गर्दीत वाहकासाठी यापेक्षा मोठी मदत नाही.

टाळ्या आणि मानधन

आशाताईंचा विषय आला की हा लेख गोड राहत नाही. २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता देशाने टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. या दोन्हींच्या मधे, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर होत्या. २०२३ आणि २०२४ मध्ये पुन्हा. त्यांना मिळते त्याला पगार म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. कागदावर त्या स्वयंसेविका आहेत. मान आहे, धन वेळेवर मिळत नाही, अशी त्यांची तक्रार असते.

म्हणून कौतुकाची मर्यादा स्पष्ट असलेली बरी. टाळी ही मजुरीची बदली नव्हे. ज्यांना योग्य मोबदला, विमा किंवा सुट्टी मिळत नाही त्यांना फुले देऊन प्रश्न संपत नाही. उलट असे कौतुक त्यांना डिवचल्यासारखे वाटू शकते. पण मोबदल्याचा प्रश्न सुटेपर्यंत आशाताईला दारातून परत पाठवायचे, असाही त्याचा अर्थ नाही. ती सर्वेक्षणाला येते तेव्हा खुर्ची द्या, खरी माहिती द्या, 'नंतर या' म्हणून तीन चकरा मारायला लावू नका. वाचलेली चकर हीच तिच्यासाठी भेट. आणि तिच्या मागण्यांची बातमी दिसली तर ती वाचा, पुढे पाठवा.

पैसे द्यायचे की नको?

इथे गोंधळ जास्त आहे. गॅस सिलिंडरचेच घ्या. घरपोच देण्याचे शुल्क सिलिंडरच्या किमतीतच धरलेले असते. त्यामुळे वर कोणी पैसे मागितले तर ते देणे बंधनकारक नाही. पण १४.२ किलो गॅस आणि तेवढेच वजन टाकीचे, म्हणजे जवळपास ३० किलो खांद्यावर घेऊन तिसरा मजला चढलेल्याला स्वतःहून वीस-तीस रुपये द्यावेसे वाटले, तर त्यात गैर काय? मागून घेतलेले आणि मनाने दिलेले यात फरक आहे. त्याआधी एक ग्लास पाणी आणि 'दोन मिनिटे टेका' एवढे तर फुकट आहे.

सरकारी कर्मचाऱ्यांचे वेगळे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ चे नागरी सेवा वर्तणूक नियम लागू आहेत आणि भेटी घेण्यावर त्यात मर्यादा आहेत. तलाठी कार्यालयात काम झाल्यावर हातात पाकीट सरकवणे हे कौतुक नव्हे, दोघांनाही अडचणीत आणणारी गोष्ट आहे. तिथे लेखी अभिप्राय हाच मार्ग.

जेवण घरपोच देणाऱ्या ॲपवर रेटिंग हाच अभिप्राय. जेवण गार होते म्हणून पोचवणाऱ्याला एक तारा देण्याआधी थांबा. उशीर हॉटेलच्या स्वयंपाकघरात झाला असेल तर शिक्षा चुकीच्या माणसाला होते. पत्ता नीट पिन करा, फोन उचला आणि शक्य असेल तर फाटकापर्यंत या.

घरकाम करणाऱ्या मावशींसाठी जुनी साडी ही भेट नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. भरपगारी रजा ही भेट आहे. आठवड्यातून एक सुट्टी, आजारपणात न कापलेला पगार आणि ठरलेल्या तारखेला हातात पडलेले पैसे.

यवतमाळचा एक वेगळा धडा

सेवा फक्त शहरात मिळत नाही. २०१७ च्या खरीप हंगामात या जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो रुग्णालयात पोहोचले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती आणि फवारा अंगावरच पडत होता. राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. बळी पडलेल्यांत रोजाने दुसऱ्याच्या वावरात फवारणी करणारे अनेक होते.

रोजाने बोलावलेल्या फवारणीवाल्याशी चांगले वागणे म्हणजे काय, याचे उत्तर इथे फार ठोस आहे. मास्क, हातमोजे, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा मालकाने द्यायचा. वाऱ्याच्या विरुद्ध आणि भर दुपारी फवारणी करायला लावायची नाही. काम झाल्यावर साबण आणि भरपूर पाणी. डोळ्यांपुढे अंधारी आली, मळमळले तर 'तेवढे दोन तास उरकून घे' न म्हणता औषधाच्या डब्यासह थेट दवाखाना. डबा सोबत नेला की कोणते विष आहे ते डॉक्टरला लगेच कळते. पोळ्याचा बोजारा त्यानंतर.

चांगले लिहायचे तर कुठे?

तक्रारीसाठी पोर्टल आहे, हेल्पलाइन आहे. कौतुकासाठी वेगळे बटण नाही. पण जी दारे तक्रारीसाठी उघडी आहेत तीच वापरता येतात. एसटीच्या वाहकाबद्दल लिहायचे तर आगार व्यवस्थापकाच्या नावे साधे पत्र पुरते. तारीख, वेळ, मार्ग आणि गाडीचा क्रमांक लिहा. बिल्ला क्रमांक दिसला असेल तर तोही. नेमके काय केले ते एका वाक्यात लिहा : 'आजीला हात धरून उतरवले', 'विसरलेली पिशवी आगारात जमा केली'. नुसते 'उत्तम सेवा' लिहिले तर फाइलमध्ये त्याचा उपयोग नाही. नर्सबद्दल लिहायचे तर रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना किंवा अधीक्षकांना, सफाई कामगारांसाठी नगर परिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना, आशांसाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. त्याची एक प्रत त्या माणसाच्या हातात द्या. घरी दाखवायला काहीतरी असते.

असे पत्र लिहायला लोक कचरतात. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी २०१८ मध्ये नेमके हेच तपासले. आभाराचे पत्र लिहिणाऱ्यांना वाटत होते की वाचणाऱ्याला अवघडल्यासारखे होईल. प्रत्यक्षात पत्र मिळालेले लोक अंदाजापेक्षा कमी अवघडले आणि कितीतरी जास्त आनंदले. भाषा चांगली जमली का, याची काळजी फक्त लिहिणाऱ्यालाच होती.

आणि पत्र मोठे वाटत असेल तर पोस्टकार्ड अजून ५० पैशांत मिळते. जागा थोडी असते, चार ओळींत काम होते. शिवाय ते उघडे असते. तुमच्या पोस्टमनबद्दल पोस्टमास्तरांना लिहिले, तर वाटेत तो ते वाचणारच.